खाली वाकल्यावर नेम का हलतो?

तुमची अडचण थोडक्यात अशी: पूल खेळताना उभ्याने शॉट स्वच्छ दिसतो, व्हाइट (क्यूने, म्हणजे काठीने मारायचा पांढरा बॉल) कुठे लागायला हवा तेही कळतं, पण क्यूवर वाकलात की नेम बाजूला गेल्यासारखा वाटतो. मग तुम्ही तिथल्या तिथे क्यू जरा इकडे, जरा तिकडे करता आणि बॉल पॉकेटच्या जबड्याला धडकून बाहेर येतो. पाय नेमके कुठे ठेवायचे, असं तुम्ही विचारलं आहे. पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी लिहितो आहे; डावखुऱ्यांनी उजवं-डावं उलटं वाचावं.

पायांचं सांगतोच, पण त्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. नेम उभ्यानेच धरायचा असतो. वाकताना तो फक्त खाली घेऊन यायचा. तुमच्या वर्णनावरून पवित्रा फारसा बिघडलेला दिसत नाही. पवित्र्यात येण्याची वाट बिघडली आहे.

काम किती बारीक आहे ते आकड्यांत बघा. पूलचा बॉल ५७ मिलिमीटरचा. व्हाइटपासून समोरचा बॉल एक मीटरवर, तिथून पॉकेट आणखी एक मीटरवर आणि सगळं सरळ रेघेत, असा शॉट धरा. व्हाइट एक मिलिमीटर बाजूला लागला की समोरच्या बॉलची दिशा जवळजवळ एक अंशाने फिरते, आणि पॉकेटपर्यंत जाता जाता तो साडेसतरा मिलिमीटर भरकटतो. नऊ फुटी टेबलाच्या कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड साडेचार इंच, म्हणजे ११४ मिलिमीटर. त्यातून बॉलची रुंदी वजा केली की एका बाजूला उरते २८ मिलिमीटरची सूट. म्हणजे समोरच्या बॉलपाशी दीड मिलिमीटरच्या पुढे चूक झाली की जबडा वाजलाच. हाच हिशेब मागे आणला तर क्यू धरलेला तुमचा उजवा हात रेघेपासून दीडेक मिलिमीटर सरकला तरी तेवढी चूक होते. वाकलेल्या अवस्थेत मनगटाने ढकलून दीड मिलिमीटर सुधारणं कुणाच्याच हातात नसतं. ते पायांनी आणि खांद्याने आधीच साधून ठेवावं लागतं.

आपल्याकडे पूल खेळायला येणाऱ्या बहुतेकांचा नेम आधी कॅरमवर तयार झालेला असतो, आणि तिथली एक सवय इथे नडते. कॅरममध्ये आपण खुर्चीत स्थिर आणि स्ट्रायकर बेसलाइनवर हवा तिथे सरकतो. कोन जुळवायचा म्हणजे स्ट्रायकर हलवायचा. पूलमध्ये व्हाइट जिथे थांबला तिथेच राहणार, त्यामुळे कोन जुळवायला आख्खा माणूस हलावा लागतो. कॅरमचा हात असलेला खेळाडू टेबलाशी आला, की जिथे उभा आहे तिथूनच वाकतो आणि क्यू फिरवून कोन शोधतो. तुमचं बहुधा हेच होतं आहे.

आता पद्धत. व्हाइटच्या मागे, टेबलापासून दीड-दोन पावलं लांब उभे राहा. पहिल्यांदा समोरचा बॉल आणि पॉकेट यांना जोडणारी रेघ बघा; नीट दिसत नसेल तर त्या बॉलच्या मागे जाऊन बघून या, त्यात वेळ जात नाही. ही रेघ पॉकेटच्या विरुद्ध बाजूला बॉलच्या ज्या बिंदूतून बाहेर पडते तिथे व्हाइट लागायला हवा. पण व्हाइटचं केंद्र त्या बिंदूवर रोखायचं नाही. धडकेच्या क्षणी व्हाइटचं केंद्र त्या बिंदूच्याही मागे, त्याच रेघेवर अर्ध्या बॉलाच्या अंतरावर, म्हणजे २८ मिलिमीटरवर असतं. तिथे एक काल्पनिक बॉल ठेवलेला बघायचा. यालाच घोस्ट बॉल म्हणतात. व्हाइटच्या केंद्रापासून या काल्पनिक बॉलच्या केंद्रापर्यंत जाते ती शॉटची रेघ. ताडून बघायला एक माप डोळ्यांत बसवून ठेवा: व्हाइटचं केंद्र समोरच्या बॉलच्या अगदी कडेवर रोखलं की अर्धा बॉल लागतो आणि कोन ३० अंशांचा होतो. इतर कोन याच्यापेक्षा जाड (समोरच्या बॉलचा जास्त भाग लागतो) की पातळ (कमी भाग लागतो), असे ताडता येतात.

ही रेघ मग उलट्या दिशेने, व्हाइटमधून मागे, टेबलाच्या कडेवरून खाली उतरून फरशीपर्यंत ओढा. तुमचे पाय या फरशीवरच्या रेघेच्या हिशेबाने पडणार आहेत. व्हाइट पुढे कुठे थांबवायचा, फॉलो द्यायचा (धडकेनंतर व्हाइट पुढे जाईल असा फटका) की ड्रॉ (मागे येईल असा), जोर किती, हेही इथेच ठरवा. क्यूच्या टोकाला, म्हणजे टिपला, चॉकही इथेच लावा. वाकल्यावर ठरवायचं काहीही शिल्लक राहिलं तर डोकं हलतं, आणि डोक्याबरोबर खांदा.

आता पहिलं पाऊल उजवं. ते त्या रेघेवर पडलं पाहिजे, चवडा बाहेरच्या बाजूला ३० ते ४५ अंश वळलेला. मग डावं पाऊल अर्धं पाऊल पुढे आणि खांद्याच्या रुंदीइतकं डावीकडे, बोटं साधारण शॉटच्या दिशेला. पाऊल पडलं की ते पुन्हा हलवायचं नाही. उजवं पाऊल रेघेच्या उजवीकडे पडलं तर कंबर क्यूच्या वाटेत येते, क्यू बरगडीला घासतो आणि हात आपोआप बाहेरून वळसा घेतो. पाऊल रेघेच्या फार डावीकडे पडलं तर क्यू अंगापासून सुटतो आणि कोपर बाहेर लोंबकळतं. दोन्ही वेळा तुम्हाला वाटतं की हात वाकडा चालतोय, पण हात बिचारा पायांनी दिलेल्या जागेत वाट काढत असतो.

किती अंतरावर उभं राहायचं, हे हातावरून ठरतं. टिप व्हाइटला जवळजवळ टेकलेली असताना उजव्या हाताचा कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग गवंड्याच्या ओळंब्यासारखा सरळ खाली लोंबला पाहिजे, आणि डावा हात किंचित वाकलेला, जवळजवळ ताठ. टेबलाच्या फार जवळ उभे राहिलात तर अंग आखडतं, उजवी मूठ ओळंब्याच्या मागे राहते आणि टिप व्हाइटवर पोचते तेव्हा मूठ वर उचललेली असते. फार लांब राहिलात तर सगळा भार डाव्या पंजावर येतो. तपासायचं कसं? पवित्र्यात आल्यावर डावा पंजा कापडावरून बोटभर उचलून बघा. तोल पुढे गेला तर पाय लांब आहेत. दुसऱ्या कुणाला खांद्यावर हलकेच ढकलायला सांगा. डुललात तर पाय एकमेकांच्या फार जवळ पडले आहेत.

वाकायचं कमरेतून, पाठ गोल करून नव्हे. डावा गुडघा थोडा वाकतो. उजवा पाय ताठ ठेवायचा की सैल, यावर खूप वाद घातला जातो. स्नूकरमध्ये तो ताठ ठेवायची रीत आहे आणि त्याने कंबर खरोखर बांधली जाते. पूलमध्ये दोन्ही चालतं. टेबलाची उंची ७४ ते ७९ सेंटिमीटर असते; सहा फुटी माणसाने उजवा पाय ताठ ठेवला तर कंबरेवर फार ताण येतो, त्याने पाय जास्त फाकवावेत किंवा दोन्ही गुडघे वाकवावेत. पाच फुटांच्या आसपास उंची असेल तर ताठ पाय सोयीचा. माझं मत असं, की जो पवित्रा दोन तास न दुखता टिकतो तोच घ्यावा. दुखणारं अंग दहाव्या शॉटपासून स्वतःच्या सोयीने उभं राहायला लागतं.

आता कळीची जागा: खाली येतानाचे दोन सेकंद. रेघेवर एक उभी काच लावली आहे असं धरा. तुमचं डोकं त्या काचेतून सरळ खाली आणि पुढे सरकलं पाहिजे. बहुतेकांचं डोकं बाजूने झोका घेत येतं, कारण ते टेबलाच्या कडेने चालत येतात आणि डावा हात आधी टाकून मग अंग त्याच्यामागे ओढतात. डोकं झोका घेऊन आलं की वरून पाहिलेली रेघ आणि खालून दिसणारी रेघ जुळत नाहीत. तुम्हाला नेम हललेला दिसतो तो इथे. म्हणून व्हाइटच्या थेट मागून या, बाजूने येऊच नका. उतरताना नजर समोरच्या बॉलवरच्या त्या जागेवर खिळलेली ठेवा; क्यू आणि डावा पंजा त्या नजरेखाली रेघेवर येऊ द्या. व्हाइटकडे बघायचं ते अगदी शेवटी, पंजा टेकवताना. पंजा व्हाइटच्या मागे २० ते २५ सेंटिमीटरवर, एकदाच टेकवायचा. नवखे असाल तर १५ ते २० पुरे. अंतर जितकं जास्त, तितकी मागच्या हाताची वाकडी चाल टिपपाशी मोठी होते.

पुण्यात जन्मलेल्या, बिलियर्ड्स-स्नूकरच्या जगज्जेत्या पंकज अडवाणीचे सामने बघायला मिळाले, तर एखादी फ्रेम (डाव) व्हाइटवरून नजर काढून फक्त त्याचं डोकं बघा. उभ्यापासून हनुवटी क्यूवर येईपर्यंत ते कोणत्या वाटेने येतं, एवढंच. शॉट बघण्यापेक्षा त्यात शिकण्यासारखं जास्त आहे.

हनुवटीखाली क्यू नेमका कुठे असावा, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. कुणाचा उजव्या डोळ्याखाली, कुणाचा डाव्या, कुणाचा मधोमध. "जो डोळा प्रबळ, त्याच्याखाली क्यू" हा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो प्रत्येकाला लागू पडत नाही. दोन्ही डोळे मिळून सरळ रेघ जिथे सरळ दिसते ती जागा बऱ्याच जणांची प्रबळ डोळा आणि नाक यांच्या मध्ये कुठेतरी असते. ती शोधायला टेबलाच्या मधल्या रेघेवर एक बॉल आणि त्याच्या मागे दीड मीटरवर व्हाइट ठेवा. मित्राला तुमच्या मागे उभं करून क्यू त्या रेघेवर बरोबर आहे याची खात्री करून घ्या. आता क्यू न हलवता डोकं अगदी हळू डावीकडून उजवीकडे न्या. एका ठिकाणी क्यू आणि दोन्ही बॉल एका ओळीत बसल्यासारखे वाटतील, त्याच्या अलीकडे-पलीकडे क्यू तिरपा भासेल. ती तुमची जागा. हनुवटीच्या नेमक्या कोणत्या भागाखाली क्यू आला ते बोटाने चाचपून लक्षात ठेवा आणि दर शॉटला क्यू तिथेच आणा. पाय एरवी चोख असूनही ज्यांना खाली गेल्यावर नेम हललेला दिसतो, त्यांचा दोष बहुतेकदा इथे असतो: क्यू सरळ असतो, डोकं चुकीच्या जागी असल्यामुळे तिरपा दिसतो, आणि ते सरळ क्यू वाकडा करून घेतात.

खाली गेल्यावर दोन-तीन सराव-फटके पुरे. ते नेम धरायला नसतात. टिप व्हाइटच्या ठरवलेल्या बिंदूकडे सरळ जाते का आणि जोर किती लागेल, एवढंच त्यात बघायचं. शेवटच्या फटक्याआधी टिप व्हाइटपाशी क्षणभर थांबवा. इथे नजर व्हाइटवर असू द्या, टिप जागेवर आहे का बघा, आणि मग नजर समोरच्या बॉलवर उचला. क्यू सावकाश मागे घ्या आणि नजर तिथून काढू नका. २००२ साली बिलियर्ड्सच्या खेळाडूंवर झालेल्या एका अभ्यासात तरबेज खेळाडूंची ही शेवटची स्थिर नजर नवख्यांपेक्षा जास्त वेळ टिकते असं दिसलं होतं; संशोधक जोन विकर्स यांनी तिला 'क्वाएट आय' असं नाव दिलेलं आहे. ब्रेकला (डाव सुरू करणाऱ्या फटक्याला), आणि व्हाइट कुशनला (टेबलाच्या रबरी कडेला) चिकटलेला असताना, शेवटची नजर व्हाइटवर ठेवली तरी चालते. मूठ सैल ठेवा, फटका मारताना आवळू नका. फटक्यानंतर बॉल पॉकेटात पडल्याचा आवाज येईपर्यंत डोकं खालीच. लवकर उठणाऱ्याचा खांदा टिप लागण्याच्या आधीच उचलायला लागलेला असतो.

आणि खाली गेल्यावर वाटलंच की नेम चुकतोय, तर? उठा. पूर्ण उभे राहा, पाय मागे घ्या, रेघ पुन्हा बघा, उजव्या पावलापासून पुन्हा सुरू करा. खालीच क्यू सरकवण्यात दुहेरी नुकसान आहे. मागचा हात सरकवला की टिप व्हाइटच्या केंद्रावरून बाजूला जाते, व्हाइटला नको असलेला साइड स्पिन (आडवी फिरकी) लागतो आणि तो क्यूच्या दिशेपासून किंचित फुटून निघतो. म्हणजे एक चूक सुधारायला गेलात आणि दुसरी दोन घेऊन आलात. सुरुवातीला दर तीन-चार शॉटमागे एकदा उठावं लागेल. समोरचा कंटाळला तरी उठा.

दोष पायांत आहे की नेमात, हे ओळखायची एक खात्रीची रीत आहे. ३० अंशांचा एकच कट (तिरका शॉट) लावा आणि तो उजवीकडच्या पॉकेटात दहा वेळा, मग तसाच डावीकडच्या पॉकेटात दहा वेळा मारा. दर वेळी बॉल जाड लागला की पातळ, ते लिहून ठेवा. उजवीकडचे पातळ आणि डावीकडचे जाड जात असतील, तर तुमचा व्हाइट दोन्ही वेळा डावीकडे निघतो आहे. दोष उभं राहण्यात किंवा हाताच्या चालीत आहे. उलटं असेल तर तो उजवीकडे निघतो आहे. दोन्हीकडे जाडच लागत असेल, तर पाय सोडा आणि घोस्ट बॉल पुन्हा नीट बघा. हळू मारलेल्या कटमध्ये घर्षणामुळे समोरचा बॉल व्हाइटबरोबर थोडा ओढला जातो, त्यामुळेही शॉट जाड होतो. बॉल कळकट असले की हे अधिकच होतं, म्हणून आधी फडक्याने पुसून घ्या.

त्यानंतर सरळ फटक्याची तपासणी. टेबलाच्या मधल्या रेघेवरून व्हाइट समोरच्या कुशनच्या मध्यावर मारा. परत येताना तो टिपवर आला पाहिजे. जातानाच बाजूला गेला तर रेघ चुकली. सरळ जाऊन कुशनवरून उजवीकडे परतला, तर तुम्ही व्हाइटच्या उजव्या अंगाला मारलंत, त्याला उजवा स्पिन लागला. स्नूकरच्या टेबलावर ब्राउन, ब्लू, पिंक आणि ब्लॅकच्या खुणांवरून हेच करता येतं.

स्नूकरवरून पूलकडे आलेल्यांना एक जास्तीची सूचना. स्नूकरमधला समोरासमोरचा (छाती शॉटकडे वळलेला) पवित्रा पूलमध्ये टाकून द्यायची मुळीच गरज नाही. अचूकतेला तो चांगलाच आहे. फक्त ब्रेक आणि जोराचा ड्रॉ मारताना उजवी कंबर थोडी मागे वळवून हाताला जागा करा. पूलचा बॉल स्नूकरच्या साडेबावन्न मिलिमीटरच्या बॉलपेक्षा मोठा आणि जड असतो, टिपही जाड असते, त्यामुळे हात पूर्ण मोकळा लागतो.

घरी टेबल नसलं तरी याचा सराव होतो, आणि हा सराव मी सगळ्यात वर धरतो. जेवणाच्या टेबलाची उंची पूल टेबलाच्या जवळपास असते. फरशीची एक लांब सांध टेबलाखाली सरळ जाते अशी जागा बघा; ती तुमची शॉटची रेघ. सांधेच्या थेट वर टेबलावर एक रिकामी काचेची बाटली आडवी ठेवा, तोंड तुमच्याकडे. दोन पावलं मागून या, उजवं पाऊल सांधेवर टाका, डावं टाका, डोकं रेघेवरच्या त्या काल्पनिक काचेतून खाली आणा, आणि टिप बाटलीच्या कडेला न लागता तोंडातून आत-बाहेर करा. खळ्ळ आवाज आला की उठा, पाऊल कुठे पडलंय ते बघा, पुन्हा मागून या. रोज वीस वेळा. अनवाणी किंवा पार्लरमध्ये घालता त्याच बुटांत करा. जाड टाचेच्या बुटांनी उंची बदलते, आणि गुळगुळीत तळव्याच्या चपला पार्लरच्या फरशीवर नेमक्या फटक्याच्या वेळी सरकतात.

नेहमीचा पवित्रा जिथे बसतच नाही अशा जागाही येतात. व्हाइट कुशनला चिकटलेला असेल तर पंजा रेलवर, क्यूचा मागचा भाग किंचित वर, डोकं थोडं उंच आणि मागचा झोका आखूड. कुशनचं नाक बॉलच्या मध्यापेक्षा उंच असतं, त्यामुळे मारायला बॉलचा वरचा थोडाच भाग मिळतो. हात पुरत नसेल तर टेबलावर रेलताना एक पाय जमिनीला टेकलेला असायलाच हवा, नाहीतर फाऊल. त्यापेक्षा रेस्ट (क्यू टेकवायची आधाराची काठी) घ्या: त्यात क्यूच्या मागे, शॉटकडे तोंड करून उभं राहायचं, कोपर बाहेर आडवं आणि हनुवटी क्यूच्या मागे. भिंत किंवा खांब आड येत असेल, आणि दाटीच्या पार्लरमध्ये तो येतोच, तर तिथे ठेवलेला आखूड क्यू मागून घ्या. ५८ इंची क्यू भिंतीला टेकवून अर्धा झोका मारण्यापेक्षा त्याने फटका सरळ जातो.